तिखट कान

अकोला,
८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

प्रिय आई,

शिरसाष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. नाहीतर म्हणशील, पोट्टी मास्तरीण झाली अन् मायले अर्ज लिहून राहिली. पाया पडते, एवढं पुरे.

आम्ही सगळे बरे आहोत. प्रणालीची सहामाही तोंडावर आहे, पण तिला त्याचं काही सोयरसुतक नाही. प्रीतमची पाठ आता दुखत नाही. तू दिलेलं लोणचं संपत आलं आहे. तुझे जावई फोडी तर खातातच, खारसुद्धा पोळीला लावून पुसून घेतात.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोन करता आला असता, पण तुझा फोन म्हणजे चावडी. स्पीकर लावून खाटेवर ठेवतेस, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला बंडूची बायको. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी 'हो आई' म्हणून मोकळी होते. परवाही तसंच म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या हर्षाचं माहेर अमरावतीला तुमच्याच गल्लीत आहे ना, ती शनिवारी येणार आहे. तिला बजावून सांगितलं आहे की पत्र आईच्याच हातात दे. चष्मा लाव आणि एकटी असताना वाच.

तू म्हणालीस, दिवाळी झाली की बंडू घर पाडून नवीन बांधायला काढतो, मग होळीपर्यंत मी आणि तुझे बाबा तुझ्याकडे राहायला येतो. 'जावई देवमाणूस हाय, नाही म्हणणार नाही.' खरं आहे. जावई नाही म्हणणार नाही.

त्याबद्दल लिहितेच. आधी भुलाबाईचं सांगते.

या वर्षी प्रणालीने हट्टच धरला की आपल्या घरी भुलाबाई बसवू. बिल्डिंगमधल्या पोरींना काही माहीत नाही. एक विचारते, 'काकू, ही कोणती देवी?' मी सांगितलं, ही पार्वती. महिनाभर माहेरी येते आणि नवऱ्यालाही संगे घेऊन येते. रोज संध्याकाळी पोरींनी जमून गाणी म्हणायची. मग घरची बाई झाकलेला डबा आणते, वाजवून दाखवते, आणि आत कोणती खिरापत आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. सांगता सांगता माझं मलाच सगळं आठवत गेलं.

लहानपणी चांदूर रेल्वेला आपल्या गल्लीत खिरापत ओळखण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. शेंगदाणे जड वाजतात, फुटाणे हलके, बत्तासे पोकळ. शेजारच्या केशरकाकू तर इरेला पेटून डब्यात फडकं कोंबायच्या, तरी मी ओळखायचीच. 'आशाबाई, तुमच्या पोरीचा कान लय तिखट हाय वं,' असं त्या म्हणायच्या, आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. तू हसलीस की मला फार बरं वाटायचं.

तो कान तिखट कशानं झाला, ते केशरकाकूंना माहीत नव्हतं. तुला आणि मला माहीत होतं.

बाबांची राजदूत गल्लीच्या तोंडाशी आली की तू मला दारामागे उभी करायचीस. 'रागिणी, आयक बरं, कसे आले?' गाडी हळू बंद होऊन मोठ्या स्टँडवर चढली की दिवस चांगला. साइड स्टँड खाडकन आपटला की वाईट. मी नुसती मान हलवायची. मग तू बंडूला मागच्या दाराने केशरकाकूंकडे पाठवायचीस, भाजी पुन्हा चुलीवर ठेवायचीस आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायचीस, फुटू नयेत म्हणून. ते बांगड्या सरकवणं मला अजून दिसतं.

मला फारसा मार बसला नाही, असं तू नेहमी म्हणतेस. बरोबर आहे, तुझ्याच वाट्याला जास्त आला. पण मार बसायच्या आधीचं जे असतं ना आई, ते रोज माझ्या वाट्याला यायचं. ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवशीही यायचं.

आणि ती कोजागिरी. तिचा विषय आपण दोघींनी कधीच काढला नाही. ज्वारीच्या धांड्यांचा मखर होता, त्यात तू घरीच केलेले मातीचे भुलाबाई आणि भुलोजी. भुलोजीचा फेटा तू कुंकवानं रंगवला होतास. दिवेलागण झाली होती, अंगणभर पोरी होत्या, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं गात होते. राजदूत कधी आली ते मला कळलंच नाही. बाबा एकदम अंगणातच. कशाचा राग होता, ते आजही ठाऊक नाही. मखराला लाथ बसली, पोरी पळाल्या, तू मधे पडलीस आणि तुझं मनगट मोडलं. गल्लीत आपण सांगितलं की मोरीत पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी तू प्लास्टर घालून घरी आलीस. मी तुझ्याजवळ येऊन बसले. तू चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, 'तुले ऐकू काहून नाही आलं वं?'

तू रागानं नाही म्हणालीस. थकून म्हणालीस, हे आता मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की तुझा हात माझ्यामुळे मोडला. त्या दिवसापासून मी गाणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिले. शाळेत, कॉलेजात, लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हासुद्धा.

आता प्रीतम कसा आहे ते तू पाहतेसच. झुरळाला चप्पल मारायच्या आधी 'सरक बाप्पा' म्हणणारा माणूस. तरी त्याची स्कूटर खाली थांबली की माझे हात थांबायचे. पोळी तव्यावर करपायची. मी धावत जाऊन प्रणालीचे रंग आणि कागद कपाटात कोंबायची, कोणी सांगितलेलं नसताना. एक दिवस ती म्हणाली, 'आई, पप्पा आले की तू पुतळा काहून होते?' मी हसून वेळ मारून नेली, पण तिने त्यानंतर आपले रंग आपणच लपवायला सुरुवात केली.

त्याच सुमारास आमच्या शाळेत दीपमाला मॅडम आल्या. समुपदेशक आहेत. घरात धास्तावलेलं मूल वर्गात कसं ओळखायचं, हे त्या आम्हा शिक्षकांना सांगत होत्या. दार वाजलं की दचकतं, मोठ्या माणसाच्या पावलांवरून त्याचं मन ओळखतं, असं मूल. बाकीच्या बाया आपापल्या वर्गातली पोरं आठवत होत्या. मला दारामागची मी आठवत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या मागोमाग गेटपर्यंत गेले आणि तिथेच रडले. त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाते. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणशील, पोरगी येडी झाली का. नाही झाले. त्यांनी एक साधी गोष्ट शिकवली. गाडी वाजली की मोठ्यानं म्हणायचं, ही प्रीतमची स्कूटर आहे, हे अकोला आहे, हे माझं घर आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा प्रीतमनं जिन्यात ऐकलं आणि तिथूनच म्हणाला, 'हो, मीच हाय, अन् मेथी आणली.' आता तो रोज भाजीचं नाव पुकारतच वर येतो. आमच्याकडे आज काय शिजणार ते आधी हर्षाला कळतं, मग मला.

सगळं बरं झालं असं नाही. वर्गात कोणी बाक आपटला की अजून छातीत धस्स होतं. पण आता ते थोड्या वेळात उतरतं, पूर्वी दिवसभर बसून राहायचं.

आता लिहिते. बाबांना माझ्या घरी आणू नकोस.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्याले, गॅलरीतले कपडे काढले आणि परत येऊन बसले. खोडलेलं नाही.

बाबा आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, हे मी जाणते. शुगरच्या गोळ्या खातात, खिडकीशी बसतात, प्रणालीला फोनवर 'बेटा' म्हणतात. मी सूड उगवत नाही आहे. मी सुटीच्या दिवशी येत जाईन, त्यांच्याजवळ बसेन, दवाखान्यात नेईन, नखं काढून देईन. पण ते तिकडे, अमरावतीला. इथे त्यांची काठी जिन्यात वाजली तर मी पुन्हा दारामागे जाऊन उभी राहीन, आणि या वेळी माझ्या बाजूला माझी पोरगी उभी राहील. ते मी होऊ देणार नाही. लोक म्हणतील, पोरीनं बापाला घरात घेतलं नाही. म्हणू दे. लोक तेव्हाही गल्लीतच होते.

बंडूशी मी स्वतः बोलते, तू मधे पडू नकोस. हर्षाच्या भावानं तुम्हा दोघांसाठी तुमच्या गल्लीतच तळमजल्यावरची खोली पाहून ठेवली आहे. सामान लावायला मी आणि प्रीतम येऊ. आणि तू मात्र इकडे ये, आई, तुला वाटेल तेव्हा, वाटेल तितके दिवस. तेवढे दिवस बंडू बाबांजवळ राहील. भुलाबाई नवऱ्याला घेऊन येते, तू एकटी ये.

सोमवारची कोजागिरी सांगायची राहिली.

आमच्या हॉलमध्ये पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांना एकही गाणं धड येत नव्हतं, म्हणून मलाच म्हणावं लागलं. आधी आवाज फाटका निघाला, मग लागला. गाणी झाल्यावर प्रणालीनं डबा आणून माझ्या कानाशी वाजवला. मी ऐटीत म्हटलं, 'फुटाणे.' झाकण काढलं तर बत्तासे. पोरी गडबडा लोळल्या. मीही इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वर पाहते तर प्रीतम दारात उभा, हातात दुधाच्या पिशव्या. म्हणाला, 'खालून दूध दूध वरडत आलो, तुले ऐकूच नाही आलं.'

तेच शब्द, आई. आणि मला काही झालं नाही. मी उठले, दूध आटवायला ठेवलं आणि पोरींना बत्तासे वाटले.

तू विचारलं होतंस तेव्हा मी गप्प बसले होते. आता सांगते. मला ऐकू आलं नाही, कारण मी नऊ वर्षांची होते आणि गाणं म्हणत होते.

तुझ्या वाट्याची खिरापत हर्षाजवळ दिली आहे. डबा कानाशी वाजवून पाहू नकोस, सरळ उघड.

तुझीच,
रागिणी