उग्र वर्तनाच्या वहीतील सात नोंदी

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
छपाई व बांधणी खाते.

विषय : इतरांनी केलेल्या मारामाऱ्या अर्जदाराच्या नावावरून वगळण्याबाबत.
संदर्भ : सोमवारच्या चौकशीची आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार बांधणी खात्यात एकोणीस वर्षे कागद कापत आला आहे. स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे व महिन्याला इंजेक्शन घ्यावे लागते, हे त्याने गेल्या वर्षी रजेच्या फॉर्मवर आपण होऊन लिहिले. खरे लिहिण्याची ही हौस अंगाशी आली. दुसऱ्याच दिवशी कटिंग मशीन काढून घेऊन त्याला खळीच्या बादलीपाशी बसवण्यात आले आणि त्याच्या नावाने 'उग्र वर्तन नोंदवही' उघडण्यात आली.

२. वहीतील सात नोंदी अर्जदारास नोकरीतून काढण्यास पुरेशा आहेत, असे नोटीस म्हणते. नोंदी खऱ्या आहेत. फक्त त्यांतली एकही अर्जदाराची नाही. पॅकरचे नाक फोरमननी फोडले. फोरमनना सगळे खाते प्रेमाने मामा म्हणते. प्रेम कमी पडल्यास काय होते, ते त्या नाकावर पाहावे. शिपायावर फेकलेले स्टूलही मामांचेच. तेव्हा तर अर्जदार दवाखान्यात बाही वर करून बसला होता (दाखला सोबत). प्रत्येक नोंदीखाली आपली सही आहे. आपण वाचून सही करता, असा अर्जदाराचा समज होता.

३. वही लिहिणाऱ्या कारकुनास विचारले असता ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, मारामारी लिहायला वही एकच आहे. मामांची वही कुठून आणू? त्यांना काही आजार नाही, त्यांचा तो स्वभाव आहे."

४. अर्जदार साधुसंत नाही. सहा वर्षांपूर्वी औषध सुटले असता त्याने घरचा आरसा फोडला व बायकोच्या तळहाताला चार टाके पडले. ते दोघांनी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितले. त्यानंतर एकही इंजेक्शन चुकलेले नाही. मामांना कोणते द्यावे, हे आपल्या कार्यालयाने अद्याप कळवलेले नाही.

५. नोटीस आल्यापासून मात्र अर्जदारास राग येत आहे. आजार उलटला की काय, या भीतीने तो डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला व म्हटले, "हा आजार नाही. मलाही आलाय."

तरी सातही नोंदी ज्यांच्या त्यांच्या नावावर टाकाव्यात, मशीन परत द्यावे आणि आठवी नोंद म्हणून हा राग लिहून घ्यावा. तेवढी अर्जदाराची आहे. तिच्याखाली तो सोमवारी स्वतः सही करील.

आपला अजून तरी नम्र,
अर्जदार,
कटिंग मशीन क्र. २
(सध्या खळीची बादली)

दिनांक : गुरुवार, नोटिशीचा तिसरा दिवस