फौजदार पुढेच बसेल

दासगाव,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. साळूआत्यास,

पूनमचा शि. सा. न. वि. वि. विनंती कसली, गाऱ्हाणंच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या वाडीवर रेंज नाही आणि असती तरी तुला फोनवरचं ऐकू येत नाही. म्हणून हे पाकीट पोलादपूरला दुधाच्या जीपवाल्याकडे पोचवते आहे. आतोबांचा खोकला बसला का? बसला नसेल तर त्यांची बिडी तू लपव, तुला जमतं ते.

तर झालं असं. काल देवळात होडीवाल्यांची बैठक होती आणि सगळ्यांसमोर कुशाकाकांनी जाहीर केलं की यापुढे धक्क्यावरून सुटणाऱ्या कुठल्याही होडीत कुत्रं बसणार नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्या? दासगावात होडीत कुत्रं बसवणारी मी एकटी. नाव न घेता बोलायची काकांची कला तुला ठाऊकच आहे. कारण काय, तर खाडीत मगरी आहेत आणि कुत्र्याच्या वासाने त्या होडीजवळ येतील. दत्तजयंतीपर्यंत मला मुदत दिली आहे.

आत्या, बाबांची होडी किती चिंचोळी आहे ते तू काठावरून का होईना पाहिलं आहेस. वल्हवणारा मागे बसतो. पुढच्या टोकाला वजन नसलं की ते टोक वर उचलतं, आणि वारा सुटला की होडी गिरकी घेते. पूर्वी मी पुढे बसायचे आणि बाबा मागे. बाबा गेल्यावर मी मागे आले, आणि पुढची जागा तू दिलेल्या फौजदाराने आपणहून घेतली. सकाळी पक्षी बघायला दोन पाहुणे येतात, ते मधे बसतात आणि हा पुढे. छातीला पट्टा बांधलेला असतो. ना भुंकतो, ना वाकून पाण्यात बघतो. मास्तर वर्गात आल्यावर पोरं बसतात तसे पाहुणे त्याच्यामागे गप्प बसतात.

काका म्हणाले की पुढे वजनच हवं तर आमचा ऋत्विक बसेल. ऋत्विक पुढे बसला तर होडी नाकाने पाणी पिईल! शिवाय मग पाहुणा एकच बसणार, आणि होडी कधी काढायची हे ऋत्विकच्या झोपेवर ठरणार. चार महिन्यांत होडी त्याची आणि मी त्याची वल्हवणारी. मला हे कळत नाही असं त्यांना वाटतं की काय?

मी तिथेच सांगून आले की फौजदार पुढेच बसेल. आईने रात्री त्याच्या भाकरीला तूप लावलं.

तू काकांची मोठी बहीण. त्यांचा कान धरायचा हक्क अख्ख्या दासगावात कुणाला नाही, तो तुला आहे. तेवढा वापर.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
पूनम


वाडीवरून,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. पूनम हिस साळूआत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुजं पाकीट पावलं. जीपवाल्यानं दुधाच्या कॅनखाली ठेवलं व्हतं, अर्धं भिजलं, तरी तुजा राग काय विझला नाय. आतोबांचा खोकला हाय तसाच हाय. बिडी मी लपवते नि ते शोधतात, त्येवढंच त्यांना काम. शेळ्या बऱ्या हायत. फौजदाराची आय म्हातारी झाली, पन अजून रानडुकराच्या वाटेला जाते.

आता कान उघडे ठेव गो. कुत्रं होडीत नेऊ नको. कुशाचं मला बाकी काय पटत नाय, पन ह्ये पटतं. त्या खाडीचं नि कुत्र्याचं बरं नाय. कारण इचारू नको, मी सांगायची नाय. फौजदाराला जीपवाल्यासंगं वर पाठवून दे, हितं आयशीसंगं रानात फिरंल. पुढच्या टोकाला एक चांगलासा धोंडा ठेव. धोंड्याला कोन नाव ठेवतं?

रुसू नको. तू बापासारखीच, सुंभ जळंल पन पीळ जायाचा नाय. नाचणीचं पीठ पाठवते हाय. जेवत जा.

तुजं भलं चिंतणारी,
आत्या


दासगाव,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास, पूनमचा नमस्कार. साष्टांग नाही, साधाच. मी रुसले आहे.

पीठ मिळालं. भाकऱ्या फार छान झाल्या, हे रागातसुद्धा सांगायला हवं.

आत्या, तूसुद्धा? काकांनी सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तुला काय सुनावू? तुझा शब्द म्हणून परवा मी धोंडा ठेवून पाहिला. मुद्दाम एकटीच गेले, पाहुणे घेतले नाहीत. परतताना खाडीच्या वळणावर वारा आडवा आला, होडी कलली आणि धोंडा गडगडत एका बाजूला गेला. होडीत वीतभर पाणी आलं. फौजदार असता तर होडी कलायच्या आधी तो दुसऱ्या बाजूला सरकला असता. वारा त्याला माझ्याआधी कळतो. पाणी उपसत घरी आले आणि काठावर बसून रडले, आता हसायचं तर हस.

आणि मगर म्हणशील तर मगर मीही बघते. रोज बघते. पलीकडच्या चिखलात त्या ऊन खात पडलेल्या असतात, मी लांबून होडी नेते. फौजदाराला कळलं की त्याचे कान ताठ होतात आणि मी वल्हं फिरवते. भीती मला नाही असं नाही. पण भीतीसाठी मी वल्हं ऋत्विकच्या हातात देणार नाही. फौजदार उतरला की दुसऱ्या दिवशी मी उतरले, हे काकांना कळतं, मला कळतं, तुला कसं कळत नाही?

कारण सांगणार नाहीस म्हणतेस. नको सांगूस. कारण न सांगता दिलेला हुकूम मी बाबांचाही कधी ऐकला नाही.

दत्तजयंतीला पलीकडच्या खाजणातल्या आपल्या दत्ताला नेहमीप्रमाणे सगळे होड्यांनी जाणार. मी फौजदाराला पुढे बसवूनच जाणार. घराण्यातल्या मोठ्यांनी नारळ फोडायचा असतो. मोठी तू आहेस, पण तुला पाण्याचं वावडं, म्हणून दरवर्षी काका फोडतात आणि मिरवतात. यंदा त्यांना मिरवू दे, मी माझ्या होडीतून बघेन.

रागावलेली, तरीही तुझीच,
पूनम


दासगाव,
१ डिसेंबर २०२४

तीर्थरूप साळूअक्का यांस,
धाकटा बंधू कुशाबा याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपणां उभयतांची प्रकृती ठीक असेल असे समजून चार ओळी लिहीत आहे.

रायबा गेल्यापासून त्याची मुलगी कुणाच्या आटोक्यात राहिलेली नाही. होडी चालवते, त्यालाही मी हरकत घेतली नाही. पण ती कुत्रे घेऊन खाडीत हिंडते, हे मी चालू देणार नाही. नियम सर्वांना सारखा. गावात मला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. लोक म्हणतात की आधी घरातले कुत्रे आवर, मग गावाला शहाणपण शिकव.

आपण तिला चार समजुतीच्या गोष्टी लिहाव्यात. शेवटी ती पोर लग्न होऊन जायचीच आहे, होडी ऋत्विककडेच यायची आहे. ती वर्षभर आधी आली तर कुणाचे काय बिघडले? आपला शब्द ती मोडणार नाही.

दत्तजयंतीस आपण येणार नाही हे ठाऊक आहेच. प्रसाद पाठवीन.

आपल्या कृपेचा आणि आशीर्वादाचा भुकेला,
कुशाबा


वाडीवरून,
६ डिसेंबर २०२४

चि. कुशाबास साळूचा आशीर्वाद. आशीर्वाद देते, पन हात डोक्यावर ठेवायचा का कानाखाली, त्ये हे पत्र लिवून झाल्यावर ठरवीन.

तुजं छापील पत्र पावलं. मला वाटलं, तहसीलदाराचंच आलं. माज्याशी असं लिवतोस व्हय रे?

कुत्र्याबद्दल तू बोललास तवा मी तुज्या बाजूनं व्हते. पोरीला मी लिवलं पन, कुत्रं वर पाठव म्हनून. कारण तिला सांगितलं नाय. तुला सांगायची गरज नाय, पन आज सांगते, कारण तू इसरल्यासारखं करतोस.

लाल्या. तांबडा, आखूड शेपटीचा. तू नऊ-धा वर्सांचा असशील. मी काठावर भांडी घाशीत व्हते, तू घागर घेऊन पाण्यात उतरलास नि लाल्या तुज्या मागनं. पाणी हाललं नि लाल्या नव्हता. आवाज पन नाय झाला. तू त्याला हाका मारत कमरेएवढ्या पाण्यात शिरलास. मी केस धरून तुला मागं वढलं, तू माज्या मनगटाला चावलास. त्यो वण अजून हाय. त्या दिसापासनं मी खाडीत पाय घातला नाय, नि तू घरात कुत्रं पाळलं नायस. मला ठावं हाय तू रातचा का वरडतोस, तुजी बायको सांगते.

म्हनून मी तुज्या बाजूनं व्हते. पन तू ऋत्विकचं नाव लिवलंस नि माजं डोकं फिरलं. अरे, भीती हाय तर भीती हाय म्हन. भीती वाटते म्हनलास तर तुज्या शेजारी बसून मी पन रडीन. पन भीतीला नियम म्हनायचं, नि नियमाच्या आडनं मेल्या भावाची होडी वढायची? लाल्याच्या नावावर ह्ये केलंस तू? लाज वाटू दे.

नि मगरीचं म्हनशील तर लाल्या काठावर गेला, होडीत नव्हता. पुराच्या साली रायबानं ह्याच होडीतनं तुजी गाभण शेळी काढली, चार कोंबड्या काढल्या, तुला काढलं. तवा कुनी म्हनलं नाय, जनावर नको.

दत्तजयंतीला मी येते हाय. नारळ मी फोडीन. जाईन ती पोरीच्या होडीतनं, कुत्र्याच्या मागं बसून. दत्ताच्या पायाशी चार कुत्री हायत, त्यांना पन धक्क्यावरनं हाकलणार हायस काय? हाकलायचं तर मला पयलं हाकल.

सूनबाईला सांग, भाकरी तांदळाची कर. नाचणी खाऊन मी कटाळले.

तुजी मोठी बहीण, इसरू नको,
साळू


दासगाव,
१७ डिसेंबर २०२४

ती. साळूआत्यास,
पूनमचा शि. सा. न. यावेळी साष्टांग खरा, अंगणात घातला. आईला वाटलं पाय घसरला.

नीट पोचलीस ना? होडीत पहिला पाय टाकताना आईचा हात तू असा आवळलास की तिच्या दोन बांगड्या पिचल्या. त्या ती ताटात काढून सगळ्यांना दाखवते आहे. आणि पलीकडे पोचेपर्यंत तू फौजदाराचं शेपूट सोडलं नाहीस! बिचाऱ्याने हूं की चूं केलं नाही. मी मागून बघत होते. तू ताठ बसली होतीस. अख्ख्या धक्क्यासमोर तू काकांना सांगितलंस की जाईन तर ह्याच होडीतनं, नायतर नारळ तू फोड. तेव्हा मला बाबांची फार आठवण आली. ते असते तर त्यांनी शिट्टी मारली असती.

काका दिवसभर आपल्याकडे फिरकले नाहीत. तुला एसटीत बसवून दिलं तेव्हाही लांब उभे होते. तू जाताना म्हणालीस की कुशा आता वर्षभर धरून ठेवील. म्हणून हे मुद्दाम लिहिते.

काल सकाळी ओहोटी होती. होडीपर्यंत गुडघाभर पाणी, चिखल. पाहुणे येऊन थांबले होते, फौजदार काठावर शेपूट हलवत उभा. तेवढ्यात काका काठी घेऊन आले. मी मनात उत्तर तयार केलं, चांगलं झणझणीत. पण ते सरळ पाण्यापाशी गेले. पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले, वर, खाली, पलीकडे. मग काठी माझ्या हातात दिली, पँट गुडघ्यावर दुमडली आणि फौजदाराला उचललं. आत्या, एवढं धूड! लहान पोरासारखं छातीशी धरून ते चिखलातून होडीपर्यंत गेले आणि त्याला पुढच्या टोकाला ठेवलं. फौजदाराने त्यांचा कान चाटला, तोही त्यांनी चाटू दिला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले की होडीत काय ते कर, पण काठावर ह्याचा पाय पाण्याला लागता कामा नये. मी म्हटलं की मी होडी रोज काढणार आहे. ते म्हणाले, मग मी रोज येईन. ऋत्विकचं नाव निघालं नाही. मी परत आले तेव्हाही ते तिथेच होते, पँट दुमडलेली. आज पहाटेही आले.

बैठकीतला शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही. मीही घेतलेला नाही. चालू द्या.

आतोबांना नमस्कार. पुढच्या दत्तजयंतीला शेपटाऐवजी होडीच्या काठाला धर, फौजदाराचा तेवढा निरोप आहे. आणि आहे तो लोभ आम्हा दोघांवर सारखा वाटून असू दे.

तुझी हट्टी भाची,
पूनम

ता. क. एक विचारायचं राहिलं. काका फौजदाराला होडीत ठेवतात तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवून हळूच म्हणतात, बस लाल्या, बस. कालही म्हणाले, आजही. फौजदार तर नखापासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली आत्याला विचार. हा लाल्या कोण गं?