हरवलेल्या माणसाने दडून बसू नये

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा हल्ली वाकत नाही, तेव्हा तो खुर्चीतूनच घातला आहे असे समजावे). भावोजींचा खोकला बसला का? बसला नसेल तर उघड्या खिडकीत पेपर वाचणं बंद करा म्हणावं. ऐकणार नाहीत, पण सांगायचं काम आपलं. इकडे सर्व उत्तम. तुझ्याकडे काहीही मागायचं नाही, हे आधीच लिहून टाकतो.

फौजेतून निवृत्त होऊन घरी आलो आणि स्वयंपाकघराला शिस्त लावायला घेतली, हे तुला हिने फोनवर सांगितलंच असेल. (डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे करणं हा गुन्हा आहे, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.) शेवटी ही म्हणाली, तुम्हाला एवढं रान कळतं तर रानात जाऊन शिकवा, माझे डबे सोडा. मलाही पटलं. म्हणून जंगलात एकटं अडकल्यावर तग कसा धरावा, याचे वर्ग काढले. विस्तव पेटवणं, पाणी शोधणं, पाल्याचा निवारा बांधणं, सगळं. पहिल्या तुकडीला (ही 'वर्ग' म्हणते, मी तुकडीच म्हणतो) एक दातांचे डॉक्टर, बँकेतल्या कॅशियरबाई आणि एक नवविवाहित जोडपं आलं. जोडपं बहुधा चुकून आलं असावं. खरं सांगतो ताई, कॅशियरबाईंनी ओलसर लाकडांवर जाळ काढला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि ते धुराने नव्हे. घरी आल्यापासून पहिल्यांदाच माझा कोणाला तरी उपयोग झाला होता.

शेवटी परीक्षा ठेवली. तुकडीने जंगलात हरवायचं आणि वनखात्याच्या रेंजरसाहेबांनी (जंगलात वर्ग घ्यायची परवानगी त्यांचीच) शोधायचं. मी जीव तोडून तयारी करून घेतली. तोंडाला चिखल, अंगावर पाला, धूर नको, आवाज नको, शिंक आली तर गिळा. साहेब दुपारभर हाका मारत फिरले. एकदा तर डॉक्टरांना ओलांडून गेले. डॉक्टरांच्या कानात मुंगी शिरलेली, तरी पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. शेजारच्या झुडपात माझी छाती अभिमानाने फुगली होती. अखेर साहेब दमून एका ओंडक्यावर टेकले आणि तो ओंडका किंचाळला. कॅशियरबाई होत्या. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अहो फौजी, हरवलेल्या माणसाने सापडायचं असतं!"

ताई, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. दिसलास की संपलास, हेच अंगात मुरलेलं. आता साहेबांची अट अशी, की येत्या रविवारी मी स्वतः हरवायचं आणि मोठ्याने मदत मागून सापडायचं. नाही जमलं तर जंगलातले वर्ग बंद. धूर काढीन, शर्ट फडकवीन, पण 'वाचवा' काही घशाबाहेर पडत नाही. गच्चीवर सराव केला, तर हाकेचा हुकूम झाला आणि खाली गल्लीत दूधवाला सायकलवरून उतरून सावधान उभा राहिला. वर्ग गेले तर पुन्हा मी आणि ते डबे. ते दिवस मला परत नकोत ग. पण जमवीन. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार, आणि ती खिडकी तूच लावून घे.

तुझा
धाकटा

ता. क. तू शाळेत शिकवत होतीस तेव्हा मैदानावरची तुझी हाक फाटकाबाहेर पळालेल्या पोरांनाही माघारी आणायची, असं भावोजी अजून सांगतात. सहज आठवलं. रविवारी तू काय करते आहेस?

ता. क. दुसरा. हिने पत्र वाचलं. म्हणते, एवढं पानभर लिहिलंत आणि मागायचं ते झुडपातच ठेवलंत. बरं. ताई, मला एकट्याला जमत नाहीये. मला मदत कर.

ता. क. शेवटचा. ही म्हणते, झालं की! हेच रविवारी ओरडा, ताईंना कशाला प्रवासाचा त्रास? बरोबर आहे तिचं. तरी तू ये.