नाव ठरलं की बोलतो

१ एप्रिल १९९९, गुरुवार

रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीतली लवकरच थांबली. त्या वहीचा कागद शाई पसरवत होता.

ऑफिसात धुळ्याहून पितांबरचा फोन. पितांबर म्हणजे मृदुलाचा धाकटा भाऊ. त्याचे टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास आहेत. मृदुला फेब्रुवारीत त्याच्या मुलीच्या बारशाला गेली, ती अजून तिथेच आहे. क्लासमध्ये शिकवायलाही लागली आहे. हवापालट होतो, बरं आहे.

निरोप असा की तिला माझ्याशी बोलायचंय, पण फोनवर नाही. फोनवर मी तिला बोलू देत नाही म्हणे. असं काही नाही हे मी पितांबरला बराच वेळ समजावून सांगितलं. तो हं, हं करत होता. तर दर गुरुवारी चार वाजता ती क्लासमधून इंटरनेटवर चॅटला बसणार. तिथे धुळे नावाची एक रूम आहे म्हणे, मी तिथे यायचं. जूनपासून क्लासला कायमची बाई नेमायची आहे. त्याआधी तिला काय ते ठरवायचंय. काय ठरवायचंय ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारपासून नियमित.

३ एप्रिल, शनिवार

इथे जळगावात स्टँडसमोर अभिमनचा सायबर कॅफे आहे, तिथे चौकशी केली. अभिमन कॉलेजात मला ज्युनियर. आधी त्याच जागेत त्याची रसवंती होती. आता तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा. पंखा कॉम्प्युटरकडे वळवलेला आहे.

म्हणाला, आधी नाव सांगा. म्हटलं, रुपचंद. म्हणाला, तसं नाही भाऊ, चॅटचं नाव. खऱ्या नावाने इथे कुणी येत नाही.

मला पटलं. रुपचंद हे आजोबांचं नाव, ते गेले म्हणून मला मिळालं. पाइप कंपनीच्या स्टोअरमध्ये ठीक आहे. जगासमोर जायचं तर वेगळं हवं.

नाव शोधण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. बाकीचे नवरे ऐनवेळी गडबडतात आणि सुनीता लिहून मोकळे होतात. मी पंधरा दिवस आधी मृदुला ठरवलं होतं. तिचं माहेरचं नाव झुंबर. म्हणजे छताला टांगायची वस्तू. तिच्याकडचे लोक अजूनही तेच म्हणतात. आमच्या आईला शेवटपर्यंत मृदुला म्हणता आलं नाही, ती सूनबाई म्हणायची. नाव वापरणारा मी एकटाच.

८ एप्रिल, गुरुवार

नाव ठरलं नाही, त्यामुळे गेलो नाही. घाईत ठेवलेलं नाव जन्माला चिकटतं. शिवाय ऑफिसात स्टॉक तपासणी. (ती काल झाली. पण थकवा आज जाणवला.)

१० एप्रिल, शनिवार

कॅफेत बसून अभ्यास केला. कोण काय नाव घेतो आणि का.

डाळमिलवाल्यांच्या मुलाचं नाव टायगर. हा रस्त्यात कुत्रं दिसलं की स्कूटर वळवतो. म्हणजे माणूस जे नसतो ते नाव घेतो. सिद्धांत पहिला.

तोताराम सर, कॉलेजात इतिहास शिकवतात, त्यांचं नाव स्वीटी. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, तेव्हा संशोधन चाललंय म्हणाले. टायगर आणि स्वीटी रोज एकमेकांशीच बोलतात, प्लायवूडच्या पार्टिशनच्या दोन बाजूंना बसून. अभिमनला माहीत आहे. तो सांगत नाही, दोघांचे तासाचे पैसे येतात.

आधारनाना वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. मुलगा दुबईला, त्याच्याशी बोलायला येतात. त्यांचं नाव म्हणजे नुसता एक आकडा. फॅक्टरीतला टोकन नंबर. विचारलं तर म्हणाले, भाऊ, बठ्ठी नोकरी याच नावनी हाक मारेत, आते सवय पडी गई. सगळी नोकरी एका आकड्यावर. कल्पनाशक्तीचा अभाव. सिद्धांतात बसत नाहीत, सोडून दिले.

१५ एप्रिल, गुरुवार

राजहंस ठरवून गेलो. कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव दुसऱ्याने घेतलंय. दीपस्तंभ? घेतलंय. ध्रुवतारा? घेतलंय. अभिमन म्हणाला, भाऊ, काहीही टाका आणि आत शिरा, वहिनी बसल्या असतील. म्हटलं, काहीही टाकायचं असतं तर रुपचंद काय वाईट होतं. परत आलो.

संध्याकाळी पितांबरचा फोन. ताई पाचपर्यंत बसली होती म्हणाला. मागच्या गुरुवारीही. म्हटलं, तिला सांग काम प्रगतीवर आहे.

२२ एप्रिल, गुरुवार

चारला लाइट गेले. दहा मिनिटांनी आले, पण तोवर मी निघालो होतो. उन्हात परत फिरण्यात अर्थ नव्हता.

२५ एप्रिल, रविवार

दूध नासलेलं होतं. केव्हापासून ते सांगता येत नाही. चहा तसाच प्यायलो.

शेजारच्या द्रौपदाअक्का शेवभाजी घेऊन आल्या. या पारोळ्याच्या, तोंडाच्या फटकळ. वहिनी कवय येनार शे, म्हणजे कधी येणार, असं विचारलं. म्हटलं, बोलणी चालू आहेत. म्हणाल्या, कसानी बोलनी? धुळं काय विलायतम्हा नही शे भाऊ. यष्टीम्हा बस आनि लई ये.

हल्ली या गोष्टी इंटरनेटवर होतात हे मी समजावलं. त्यांनी विचारलं, मग झालं का बोलणं? म्हटलं, आधी नाव ठरावं लागतं. अक्का भाजी पातेल्यात ओतून वाटी घेऊन गेल्या. अडाणी माणसाला तंत्रज्ञान सांगणं अवघड.

६ मे, गुरुवार

ऊन फार. मधला एक गुरुवार लिहायचा राहिला. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आजही नाही.

घरात आवाज नसतो. त्यामुळे विचाराला चांगलं. तरी नाव सुचत नाही.

१३ मे, गुरुवार

यश. युवराज खान्देश. कुणीही घेतलेलं नव्हतं. अभिमन म्हणाला, घेणार कोण. कौतुकाने म्हणाला असावा.

धुळ्याच्या रूममध्ये पाच-सहा नावं होती. त्यात झुंबर. म्हणजे तिने माहेरचंच नाव लावलंय. परत आली की बदलायला सांगू.

मी कोण ते सांगितलं नाही. नावाचा परिणाम आधी होऊ द्यावा. इंग्रजीत लिहिलं, गुड आफ्टरनून, फेअर लेडी ऑफ धुलिया. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत मराठी. माफ करा, मी नवऱ्याची वाट पाहतेय.

समाधान वाटलं. परीक्षा म्हणून विचारलं, कसे आहेत आपले पती? तिने लिहिलं, माणूस वाईट नाही. बोलतात फार. मी घरात आहे की नाही हे त्यांना भाकरी गार लागली की कळतं.

म्हटलं, आणखी सांगा. तिने सांगितलं. तिला लग्नाआधी टायपिंगचं बक्षीस मिळालं होतं. मला माहीत नव्हतं. जळगावात मशीन घ्यायचं ती दोनदा बोलली होती. आठवत नाही. क्लासमधल्या मुली तिला झुंबर मॅडम म्हणतात, ते तिला आवडतं. मी पुढे काय, पुढे काय, असं विचारत गेलो. लाइन तुटली तेव्हा साडेपाच झाले होते.

ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. युवराज हे नाव योग्यच.

२० मे, गुरुवार

ती आधीच येऊन बसली होती. मी काही लिहिण्याआधी तिने लिहिलं, बोला, स्टोअरकीपर.

म्हणजे ओळखलं होतं. मागच्या वेळीच, पहिल्याच ओळीत. मग सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही पहिल्यांदाच मला काही विचारत होता, म्हणून मी विचारू दिलं.

मी नाव शोधायला किती कष्ट पडले ते लिहिलं. तीन-चार ओळी झाल्या. तिने वाचून घेतलं असावं. मग लिहिलं, पुढच्या गुरुवारी स्वतःच्या नावाने या. मागच्यासारखं विचारा, मी सांगेन. शुक्रवारी पितांबरला हो की नाही ते कळवायचंय. युवराजाबरोबर मला संसार करायचा नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ती येतेय.

२३ मे, रविवार

घर झाडलं. नवं दूध आणलं. अक्कांना सांगितलं, गुरुवारी ठरतंय. अक्का म्हणाल्या, आते तरी तोंड बंद ठेव आनि आयक. ऐकणारच आहे. विचारायचे प्रश्न मनात जुळवले. टायपिंगचं मशीन केवढ्याला येतं तेही विचारणार.

२७ मे, गुरुवार

वेळेआधी पोचलो. दाढी केली होती. तिला दिसणार नाही हे माहीत आहे.

नव्या नावाच्या चौकटीत रुपचंद टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव दुसऱ्याने घेतलंय.

पुन्हा टाइप केलं. घेतलंय. खाली त्याने सुचवलं, रुपचंदच्या पुढे एक आकडा लावून. अभिमन म्हणाला, लावून टाका भाऊ, वहिनींना काय फरक पडतो. पण ती स्वतःच्या नावाने या म्हणाली होती. आकडा लावलेलं नाव स्वतःचं कसं? तो कुणीतरी पहिला रुपचंद आणि मी मागून आलेला. अशा नावाने इतकं महत्त्वाचं बोलायला जाणं बरोबर नाही.

युवराजच्या नावाने नुसता आत गेलो. झुंबर रूममध्ये होती. युवराज म्हणून तिला लिहिणं शक्य नव्हतं. त्या दुसऱ्या रुपचंदला सभ्य भाषेत निरोप टाकला, की आजच्यापुरतं नाव सोडावं. उत्तर नाही. अभिमन म्हणाला, नुसतं मी आलोय एवढं लिहा. म्हटलं, कुठल्या नावाने?

समोर स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. कंडक्टर धुळे धुळे करत होता. ती गेली, दुसरी लागली.

सहाच्या सुमाराला यादीतून झुंबर हे नाव गेलं. लाइन तुटली असेल. मी बसून राहिलो. टायगर आणि स्वीटी होते, आणखी कोण कोण येत-जात होते.

अभिमनने विचारलं, भाऊ, बंद करू की अजून अर्धा तास लावू?

म्हटलं, लाव.