शिकल्यामुळे झालेली घट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पूर्वीइतकं वाकवत नाही, कंबर धरते.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझा रक्तदाब? इकडे तुझी लेक खुशाल आहे, वेळेवर जेवते, माझ्याच वर्गात बसते आणि आठवडाभर माझ्याशी चकार शब्द बोललेली नाही. तिने फोनवर काही सांगायच्या आत माझी बाजू तुझ्या कानावर घालतो. बाजू लंगडी आहे, म्हणून पत्र लांबणार.

तुझ्या लेकीच्या वर्गातली मुलं नवी होती त्या वर्षी आमच्या विद्यापीठाला अचानक प्रश्न पडला, की इथे येऊन कोणी काही शिकतं का. (इमारतींना रंग देऊन झाला की असे प्रश्न पडतात.) सगळ्या पदव्यांना एकच माप लावायचं ठरलं आणि ते माप तयार करायचं काम, बैठकीत माझा डोळा लागला असल्यामुळे, एकमताने माझ्याकडे आलं. मी कागदावर विधानं लिहिली: 'मला स्वतंत्र विचार करता येतो', 'दुसऱ्याची भूमिका समजते', 'खरंखोटं ओळखता येतं', वगैरे. मुलांनी प्रत्येकापुढे स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे. येताना एकदा, जाताना एकदा. मधला फरक म्हणजे शिक्षण. यंदा निकाल लागला. दंतवैद्यकवाल्यांची भरघोस वाढ (दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात शिरणाऱ्यांना भूमिकेत शिरायला कितीसा वेळ लागतो). व्यवस्थापनाच्या एका पोराने पाच अपुरे पडतात म्हणून सहाचा चौकोन स्वतःच आखला. समितीने 'नेतृत्वगुण' म्हणून त्याची नोंद घेतली. आणि आमचा इतिहास विभाग? येताना पाच, जाताना दोन. मुलांची घट करून दाखवणारा विद्यापीठातला एकमेव विभाग.

कारण मला ठाऊक होतं. कारण म्हणजे छोट्या बाई; दरवर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या, विभागात सगळ्यांत कमी पगाराच्या, आणि त्याच पगारावर म्हाताऱ्या वडिलांना सांभाळणाऱ्या. मुलाने काहीही विधान केलं की त्या विचारतात, 'हे तुला कसं कळलं?' पदवी होईपर्यंत हे ऐकलेलं पोर स्वतःला पाच कुठल्या तोंडाने देणार? दोन हीच शिकल्याची खूण आहे, असं मी समितीच्या अध्यक्षांना (पाठीमागे सरासरीसाहेब) समजवायला गेलो. ते म्हणाले, "म्हणजे कमी झालं ते वाढलं? मग तुमचा पगारही असाच वाढवू का?" मी हसलो. त्यांनी उदार होऊन एक संधी दिली: शेवटच्या वर्षाच्या मुलांनी येत्या सोमवारी कागद पुन्हा भरायचे. पुन्हा घट दिसली, तर बाईंची नेमणूक संपली आणि विभागाला कुलूप.

मी वर्गात गेलो, दार लावलं आणि म्हटलं, "बाळांनो, सगळीकडे पाच लिहा. बाईंची नोकरी तुमच्या हातात आहे."

तुझी लेक उभी राहिली. "बाईंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"विचारलंत का, मामा?" (भर वर्गात मामा. आजवर कधी नाही.)

नव्हतं विचारलं. मग तिनेच विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं ते लिहा," आणि फळा पुसून शिकवायला लागल्या. तेव्हापासूनचा हा अबोला.

गुडघ्याची काळजी घ्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम हे. पोरं माझं ऐकत नाहीत, तुझ्या लेकीचं ऐकतात. सोमवारच्या आत तिला फोन करून एवढंच सांग, की पाच लिही. 'का' म्हणाली, तर 'मी सांगते म्हणून' असं म्हण. आपल्या आईने आपल्याला याच्यावरच वाढवलं.

दुसरा ता. क. : पत्र खिशातच राहिलं आणि सोमवार होऊन गेला. आता फोन करू नकोस. सरासरी जागची हलली नाही. बाई कपाट रिकामं करताहेत, तुझी लेक त्यांची पुस्तकं बांधून देते आहे, मला कोणी हाक मारलेली नाही. कागदांवर नावं नसतात, पण हिरव्या शाईने लिहिणारी वर्गात एकटी तीच. तिने सगळीकडे दोन दिले आहेत. 'खरंखोटं ओळखता येतं' यापुढे मात्र पाच, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'पुरावा: मामा'.