मंदारने ठेवलेला नमुना

ती. जयवंतीआत्यास,

कीर्तीचा साष्टांग नमस्कार (सातव्या महिन्याचं पोट आड येतं, म्हणून साष्टांग मनातल्या मनात). तुझे गुडघे आणि सांगलीची हवा, दोन्ही बरी असतील असं धरून चालते. फोन केला नाही, कारण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि माझी तब्येत अख्ख्या गल्लीला कळते. मोबाइलवरचं हे पत्र चष्मा लावून एकटीने वाच.

मी अण्णा नगरच्या हॉस्पिटलात आहे आणि मजेत आहे. झालं असं, की आमच्या घरमालकीण कामाक्षीमावशींनी (तंजावरच्या मराठी, सांबारापासून संस्कारांपर्यंत सगळ्यात ठाम) इथल्या रिवाजाप्रमाणे माझे हात काचेच्या बांगड्यांनी भरले. चार दिवसांत त्या रुतायला लागल्या. मावशी म्हणाल्या, "बाळ बेस वाढतंय, कण्णा!" (कण्णा म्हणजे आपलं ‘सोन्या’.) मी बांगडीवाल्याला नावं ठेवली. तपासलं तर रक्तदाब चढलेला आणि लघवीत प्रथिनं.

डॉक्टर श्रीदेवी म्हणतात, एक तर माझ्या जुन्या लुपसने (आपलंच शरीर आपल्यावर उलटतं तो आजार) मूत्रपिंड धरलंय, नाहीतर हा प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातच होणारा रक्तदाबाचा विकार) आहे. दोन्हींची लक्षणं तीच. लुपस असेल तर औषध वाढवायचं आणि बाळाला आत राहू द्यायचं. दुसरं असेल आणि बळावलं, तर बाळाला आत्ताच, एकोणतिसाव्या आठवड्यात बाहेर काढावं लागेल. मी म्हटलं, शोधा निवांत, आम्हा दोघांनाही घाई नाही.

त्यासाठी चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमवायची होती. हे काम मंदारने हौसेने अंगावर घेतलं. तुझे जावई श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतात. शंभरांतला एक भाग बघायचा आणि बाकीचे पुढे ढकलायचे, ही सवय. त्याने दर वेळी वाटीभर नमुना कॅनमध्ये ठेवला आणि उरलेलं ओतून दिलं (वर वेळ घालून सही!). नर्सने कॅन हलवून पाहिला आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, मंदारला कळलं. दिवस फुकट गेला. आता नव्याने जमवतोय.

रक्ताचे रिपोर्टही थोडे इकडे, थोडे तिकडे. डॉक्टरांनी विचारलं, मूत्रपिंडाचा त्रास पूर्वी होता का? मंदारच छातीठोकपणे म्हणाला, "छे, ठणठणीत आहेत!" मी मान डोलावली.

बाकी क्षेम.

तुझी,
कीर्ती

ता. क. मीठ बंद आहे, लोणचं पाठवू नकोस.

ता. क. २. सहा वर्षांपूर्वी माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला होता, ती फाइल तुझ्या कपाटात आहे. लग्न मोडेल म्हणून तू ती लपवलीस आणि मी गप्प बसले. आज सकाळी डॉक्टरांना खरं सांगितलं. तेव्हा किती प्रथिनं जात होती ते कळलं, तर त्यांना निवाडा करणं सोपं जाईल. पानन्पान फोटो काढून आजच पाठव. आत्या, मला फार भीती वाटते.

ता. क. ३. मंदारला तोंडाने सांगवेना, म्हणून हे पत्रच वाचायला दिलं. खालची ओळ त्याने लिहिली.

आत्या, फाइल आधी पाठवा. मी चिडलो आहे, ते तुम्ही बाळंतपणाला आलात की सांगेन. — मंदार