माझ्या अंगात काही येत नाही

१ नोव्हेंबर १९६५, सोमवार. वडूज.
दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी ‘ते’ पुन्हा आलं. तिसरीचे पाढे चालले होते. श्वास वरच्या वर अडकला, बोटांना मुंग्या, छातीत धडधड. आता मरते असंच वाटलं. टेबल धरून उभी राहिले. पोरं बारा साते चौऱ्याऐंशीवर थांबून बघत बसली. हेडमास्तरांनी खिडकीतून पाहिलं. “बाई, ही चौथी वेळ. पुढच्या वेळी मला वर कळवावं लागेल.”
घरी सासूबाईंचं निदान ठरलेलं. “अंगात येतंय तुज्या. देवी जागा मागतीया. परडी घे, सुटशील.” सुटशील म्हणे! परडी घेतली की जन्मभर देवीची, दारोदार जोगवा. शाळा संपलीच. हे नोकरीला सांगलीत. इथे मी आणि आत्याबाई (सासूबाईंना मी तेच म्हणते), समोरासमोर.

५ नोव्हें., शुक्र. सांगली.
रजा काढली. ह्यांच्याबरोबर मिरजेला डॉक्टरांकडे. तिरसट म्हातारा, पण नीट तपासलं. “छाती ठणठणीत आहे. तुम्हाला दमा नाही, धास्ती आहे. श्वास भराभर घेता, पुरता सोडत नाही. सूर्यनमस्कार येतात? मग रोज बारा. हात वर जाताना श्वास आत, वाकताना बाहेर. सावकाश. कुठे गाडी गाठायची नाही.”
औषध दिलं नाही म्हणून हे नाराज. मीही, थोडी.

८ नोव्हें., सोम. वडूज.
लहानपणी शाळेत शिट्टीवर नमस्कार घालायचो. जिचे जास्त, तिला शाबासकी. ती खोड जात नाही. सकाळी धडाक्यात पंचवीस घातले आणि ‘ते’ आलंच. भिंतीला टेकून बसले. बारा सांगितले होते, मी निघाले पहिला नंबर काढायला. मूर्ख.

९ नोव्हें.
नमस्कार (न.) ६. सावकाश. गुडघे लटपटतात. पण सहाव्याला श्वास आपला आपण लांब झाला. मी काही केलं नाही.

१६ नोव्हें., मंगळ.
न. १२. आता एकातून दुसरा निघतो, मध्ये थांबावं लागत नाही. टाचा जमिनीला टेकतात. फळ्यावर लिहून उजवा खांदा धरायचा, तो सुटला. रात्री झोप. भाकरी दीड जाते.
काल वर्गात ‘ते’ दारापर्यंत येऊन गेलं. मी श्वास सोडत राहिले आणि ओळ पुरी लिहिली. मधल्या सुट्टीत एकटीच रडले, आनंदानं.

१९ नोव्हें., शुक्र.
घात झाला. न्हाऊन, केस मोकळे सोडून न. घालत होते. आत्याबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर येते तर उंबऱ्यावर हळदकुंकू, नारळ, आणि त्या हात जोडून उभ्या.
“अहो आत्याबाई, हे सूर्यनमस्कार!”
“सूर्व्या काय देवीच्या हुकमाबिगर उगवतो व्हय?”
एरवी मला पाणी विचारत नाहीत. आज माझ्या पाया पडल्या. भीतीच वाटली.

२१ नोव्हें., रवि.
सकाळीच दारात तीन बाया. एकीची म्हैस हरवलीय, एकीला सुनेचं विचारायचंय. तिसरी नुसतीच बघायला आली. मी ओरडले, “निघा इथून!” तर एकमेकींना म्हणतात, “कोपली बगा. खरीच हाय.”
कपाळ माझं! गप्प राहावं तर तेज, ओरडावं तर कोप.

२३ नोव्हें., मंगळ.
हेडमास्तर: “शुक्रवारी डेप्युटीसाहेब तपासणीला येताहेत. मास्तरणीच्या दारात बाया कौल मागतात, हे त्यांच्या कानावर गेलं तर माझ्या हातात काही नाही.”
न. बंद.

२५ नोव्हें., गुरु.
दोन दिवस न. नाहीत. आज प्रार्थनेला बोटांना मुंग्या आल्या. घाबरले, फार घाबरले. घातले तर देवी, न घातले तर रोगी. नोकरी दोन्हीकडून जाणार.

२६ नोव्हें., शुक्र.
केला निश्चय. केस आवळून बांधले, काष्टा मारला, सतरंजी अंगणात टाकली, रस्त्यावरून दिसेल अशी. मोठ्यानं आकडे म्हणत गेले. एक, श्वास आत. दोन, बाहेर. बाया जमल्या. चौथ्या नमस्काराला एक म्हातारी म्हणाली, “आगं, ही तर तालमीतल्या गड्यांची कसरत!” हसल्या आणि पांगल्या. आत्याबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.
डेप्युटीसाहेबांनी भूगोलाचे दोन प्रश्न विचारले, “ठीक” म्हणाले. नंतर हेडमास्तरांनी चहा पाजला. सुटले बहुतेक.

२९ नोव्हें., सोम.
न. १२. ‘ते’ नाही.
शाळा सुटल्यावर पलीकडच्या आळीतली सुंदरा घरी आली. नवरा फौजेत. लढाई थांबून दोन महिने झाले, ना पत्र, ना सरकारी कागद.
“देवरुष्यानं सासूला सांगितलंय, त्यो ऱ्हायला न्हाई. गुरवारी माज्या बांगड्या फोडायच्या म्हन्त्यात. बाई, तुमी सांगा तिला, हाय त्यो.”
“सुंदरा, माझ्या अंगात काही येत नाही. शुक्रवारी तू होतीस ना अंगणात?”
“व्हते की. मला ठावं हाय. पर सासूला अजून खरं वाटतंय. देवरुष्याच्या वर ती फकस्त देवीचंच आयकंल. उद्या मंगळवार, घिऊन येते तिला. डोळं मिटून येवडंच म्हना. तुमचं काय जातंय?”
काय जातंय! उद्या एकदा डोळे मिटले की परवा म्हशीवाली दारात, तेरवा हेडमास्तर. आणि तो बिचारा खरंच गेला असला तर? तिला वर्ष वर्ष वाट बघायला लावणारी मी कोण? पण नाही म्हटलं तर गुरुवार आहेच.
पंचविशीचीही नसेल. हिरवा चुडा. बोलताना दुसऱ्या हातानं झाकून धरला होता.
“सासूला घेऊन ये,” म्हणाले. त्यापुढे काही कबूल केलं नाही. ती मात्र हसत गेली.